भोंग्यावरची शिवारफेरी

गुरुपादप्पानं अडतीस वर्षं लोकांच्या रानात मोजणीची साखळी ओढली. शे-दीडशे गावांच्या शिवारफेऱ्या त्यानं पायाखाली घातल्या असतील. पण वडजांबच्या माणसांना विचाराल तर त्यांना त्याची एकच शिवारफेरी आठवते. ती त्यानं एकट्यानं केली आणि गावानं उंबऱ्यावर बसून ऐकली.

शिवारफेरी म्हणजे मोठी मजेची गोष्ट असते. पाणी अडवायचं काम निघालं की साहेब लोक गावात येतात, गाव गोळा होतं आणि सगळे मिळून रान पायी फिरतात. कुणाच्या गटात काय आहे, नाला कुठं वळतो, बांध कुठं घालायचा, हे तिथंच उभं राहून ठरतं. पुढं हलगी, मागं चहाची किटली, आणि मधे शंभर माणसं एकमेकांच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या हद्दीवरून, भांडत चाललेली. भांडण झालं नाही तर ती शिवारफेरी नीट झाली नाही, असं गुरुपादप्पा म्हणायचा.

वडजांब हे अहमदपूर तालुक्याच्या अगदी कडेचं गाव. नाला ओलांडला की मुखेड तालुका, म्हणजे नांदेड जिल्हा. गुरुपादप्पा इथलाच. बहात्तरच्या दुष्काळात दहा वर्षांचा होता, तेव्हा आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जाऊन तिथं वाटलेली सरकारी सुकडी खायचा. पुढं ब्याऐंशी साली उस्मानाबादेतून लातूर वेगळा निघाला. जिल्हा नवा, माणसं कमी, म्हणून याला चेनमन म्हणून घेतलं. चेनमन म्हणजे मोजणीच्या साखळीचं एक टोक धरून पळणारा माणूस. पहिले सहा महिने कागदही नव्या जिल्ह्याचे आले नव्हते. उस्मानाबाद खोडायचं आणि वर लातूर लिहायचं, हे याचं पहिलं सरकारी काम. एका दमात चारशे कागद खोडले, आणि झोकात आपल्या नेमणुकीच्या कागदावरचं लातूरही खोडून टाकलं. साहेब म्हणाले, "गुरुपादप्पा, आता तू कोणत्याच जिल्ह्यात न्हाईस बाबा."

त्याच साली लग्न झालं. शांतम्मा मुखेडच्या बाजूची. पाहायला गेला तेव्हा सासऱ्यानं विचारलं, तुमचं गाव इथून किती लांब? हा म्हणाला, "तेराशे साखळ्या भरतील." आतून शांतम्मा बोलली, "मला मोजायला साखळी आणू नका म्हणजे झालं." साखळीनं मोजायचं म्हणजे दोन माणसं लागतात. कामावर दुसरा चेनमन असायचा, आणि घरच्या रानात धुरा मोजायचा झाला तर दुसरं टोक शांतम्मा धरायची. घट्ट धरायची आणि वर बोलायचीही, "ताण द्या की जरा! सरकारी माणूस असून असा ढिला कामून?"

ती दोन हजार वीसच्या चैत्रात गेली. रोगानं नाही. सकाळी पाणी भरून आली, घागर आत ठेवली, झाकण घातलं, दाराला टेकून बसली आणि गेली. टाळेबंदीला पंधरा दिवस झाले होते. पुण्याची लेक निघू शकली नाही. वीस माणसांची मुभा होती, पण भीतीपायी आली पाच, आणि त्या पाचांत तीन म्हातारे. लिंगायताच्या घरी माणूस बसवून पुरतात, म्हणजे खड्डा खोल लागतो. खड्डा खणणारे गडी नाल्यापलीकडचे. जिल्ह्याची हद्द बंद झालेली, नाल्यात काटे टाकून वाट अडवलेली. म्हाताऱ्यांनी गुरुपादप्पाच्या रानात कुदळ मारून पाहिली. दोन फुटांखाली मुरूम. कुदळ उडायची आणि म्हातारा तिच्यामागं डुलायचा.

"कुठं खणायचं, आप्पा?" त्यांनी विचारलं.

गुरुपादप्पानं हात केला, तो नाल्याच्या कडेला. तिथली माती मऊ, लोण्यासारखी. तासाभरात खड्डा झाला. मठाच्या स्वामींनी फोनवरून विधी सांगितला, सरपंच शिवमूर्तीनं फोन हातात धरून ठेवला, आणि शांतम्मा बसली.

दहा दिवसांनी भाकरीचा तुकडा मोडताना गुरुपादप्पाच्या ध्यानात आलं, तिथली माती मऊ का आहे ते. तो गाळ होता. गाळ तिथंच बसतो जिथं पाणी थांबतं. आणि त्याच वळणाखाली चार वर्षांपूर्वी, लातूरला रेल्वेनं पाणी आणलं त्या उन्हाळ्यात, त्यानं स्वतः चुन्यानं बांधाची रेघ मारली होती. नाल्यावर मातीचा बांध होणार, पाणी गट नंबर चौऱ्याऐंशीत पसरणार. चौऱ्याऐंशी हा त्याचाच गट. संमतीच्या कागदावर त्याची सही आणि खाली शांतम्माची, मोठ्या मोठ्या अक्षरांत. अडतीस वर्षं जो माणूस गावोगाव सांगत फिरला की बाबांनो, इथं पाणी उभं राहील, इथं घर बांधू नका, त्यानंच आपली बायको पाण्याच्या जागेत नेऊन बसवली.

हे ध्यानात आलं आणि त्याला काहीच वाटलं नाही. त्यानं तुकडा तोंडात घातला, चावला. समोरच्या घरची रुद्राणी अव्वा रोज ताट आणून ओट्यावर ठेवायची. पंच्याहत्तरीची बाई, नात्यानं चुलती. ती विचारायची, "गुरप्पा, भाजी कशाची होती?" तो म्हणायचा, "हाव," म्हणजे हो. गावात लोक म्हणायचे, माणूस धीराचा हाय, डोळ्यातनं टिपूस न्हाई. दाढी एका गालाची केलेली आणि दुसऱ्याची राहिलेली, असा तो दोन दोन दिवस हिंडे. रानाकडं मात्र फिरकला नाही.

कामाला खंड नव्हता. त्याच्या अहमदपूरच्या पाणलोटाच्या कार्यालयाला दार लावून भागण्यासारखं नव्हतं, कारण बांधाची कामं मिरगाच्या आत झाली नाहीत तर वर्ष गेलं. मग नवी तऱ्हा निघाली. खिडकी बंद, व्हरांड्यात टेबल, टेबलापुढं दोरी. लोकांनी अर्ज टेबलावर ठेवायचा आणि मागं सरकायचं. आलेले अर्ज दोन दिवस अंगणात उन्हाला ठेवायचे, वर खडे. बायका कुरडया वाळवतात तसे अर्ज वाळत पडलेले असायचे. एकदा शेळीनं शेततळ्याचे तीन अर्ज खाल्ले, तेव्हा ते तिन्ही शेतकऱ्यांना फोन करून तोंडी घेतले. विहिरींची पातळीही फोनवर. दर हात अंतरानं गाठी मारलेला दोर सोडायचा आणि किती गाठी भिजल्या ते सांगायचं. ऐकून घ्यायला घरबसल्या गुरुपादप्पा. एकजण चार आठवडे सात गाठी सांगत राहिला. यानं विचारलं, "दोर नीट सोडता ना?" तो म्हणाला, "दोर न्हाई साहेब, अंदाज हाय. दोर म्हशीला लागला."

ही सगळी व्यवस्था बसवली सिंधु मॅडमनी. हदगावच्या बाजूची मुलगी, इंजिनियर, तिशीच्या आतली. टाळेबंदीत अहमदपूरच्या खोलीवर अडकलेली. मे महिन्याच्या शेवटी त्यांचा फोन आला.

"काका, वडजांबचा बांध मंजूर आहे. मशीन सोमवारी येतं. पण शिवारफेरी झाल्याशिवाय मला हात लावता येत नाही, आणि गर्दी करायची नाही. तुम्ही एकटे फिराल? तुमचा, माझा आणि सरपंचांचा फोन एकत्र जोडून चालू ठेवायचा. सरपंच देवळातल्या भोंग्याला फोन लावतील. गाव घरातून ऐकेल, ज्याला बोलायचं तो बोलेल."

"हाव."

"प्रत्येक गटात काय आहे ते मोठ्यानं सांगायचं. झाड, विहीर, देऊळ, समाधी. काही सुटलं तर ते पाण्याखाली जातं, काका. मागून मला काही करता येणार नाही."

"ठावं हाय मॅडम," गुरुपादप्पा म्हणाला. ते वाक्य मॅडमना साहेब लोकांनी शिकवलं होतं, आणि साहेब लोकांना एके काळी यानंच.

शुक्रवारी सकाळी सातला तो निघाला. एका हातात फोन, खांद्यावर टेप. टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नाही, म्हणून तो ते दगडाखाली दाबायचा, पुढं जाऊन मोजायचा, परत येऊन दगड उचलायचा. म्हणजे प्रत्येक माप दुप्पट चालायचं.

गावात शिवमूर्ती महादेवाच्या देवळात एकटा बसलेला, एक फोन भोंग्याच्या माइकला टेकवून. बाकी गाव उंबऱ्यावर. भोंग्यातून गुरुपादप्पाच्या चपलांचा आवाज आला तसा लोकांना हुरूप चढला. शिवारफेरी कुणी अशी घरात बसून ऐकली नव्हती.

"गट एकाहत्तर. लिंबाची दोन झाडं. धुरा..." आणि त्याला ठसका लागला. धुळीचाच, पण भोंग्यातून तो अख्ख्या गावभर गेला, आणि खडाखड दारं लागली. सिद्रामप्पा सावकाश खिडकी उघडून ओरडला, "आरं, फोनातनं येत असंल काय रे ते?" त्याची बायको महानंदा आतून म्हणाली, "तुमच्या डोक्यात आधीच शिरलंय, तुम्हाला काय फिकीर!"

दारं परत उघडली. गट बहात्तर, चौऱ्याहत्तर, ऐंशी. सिद्रामप्पाच्या गटापाशी त्याचे आणि शेजारच्या गटवाल्याचे धुऱ्यावरून चार शब्द झाले, तेही दोन ओट्यांवरून, आणि लोकांना बरं वाटलं.

मग गट चौऱ्याऐंशी आला.

चपलांचा आवाज थांबला. भोंग्यात वारा घोंघावत होता. एक टिटवी ओरडली, लांब कुठंतरी पंप चालला होता. लोक थांबले. ज्या तीन म्हाताऱ्यांनी खड्डा खणला होता ते आपापल्या ओट्यावर खाली मान घालून बसले. बाकीच्यांनाही तोवर उमगत गेलं.

गुरुपादप्पा उभा होता. पन्नास दिवसांत माती खचून बोटभर खड्डा पडलेला, त्यात वाळलेल्या बेलाची पानं. वर ठेवलेला दगड एका अंगाला कललेला. त्याच्या मनात आलं, की दगडाला खालून बारक्या दगडाची चीप लावायला पाहिजे. एवढंच आलं. न बोलता पुढं सरकलं तर सोमवारी मशीन येईल आणि आषाढात इथं डोक्याएवढं पाणी असेल. बोललं तर कागदावरचा समाधीचा कॉलम भरेल, कामाला आडकाठी येईल, बांध पुढच्या सालावर जाईल. दोन्ही गोष्टी त्याला दुसऱ्याच कुणाच्या वाटल्या. त्यानं खिशातून खडू काढला आणि परत ठेवला.

"काका?" सिंधु मॅडमचा आवाज. "रेंज गेली का?"

"न्हाई. गट चौऱ्याऐंशी. माती गाळाची, भुसभुशीत. बाभळी तीन. समाधी एक." मग म्हणाला, "समाधी नवी हाय. घरचीच."

फोनवर मॅडम हळू म्हणाल्या, "मला कुणी सांगितलं नाही काका."

"मी सांगितलं न्हाई."

"बांधाला दुसरी जागा आहे का? पर्याय?"

"पर्याय न्हाई."

एवढ्यात काय झालं, तर रुद्राणी अव्वा पदर नाकाला गुंडाळून उठली आणि भर टाळेबंदीत गल्ली तुडवत देवळात शिरली.

"अव्वा, अंतर ठेवा, अंतर!" शिवमूर्ती ओरडला. भोंगा चालूच होता, त्यामुळे गावानं सगळंच ऐकलं.

"अंतर ठेवूनच बोलते, तू सरक तिकडं." मग भोंग्यात तिचा श्वास आला. "गुरप्पा! वरच्या वळणाला खडक लागतो का न्हाई? बहात्तरला मी आन् तुझी आई तिथं खडी फोडत होतो. तू टोपल्यापाशी बसून सुकडी खात होतास. खडकावर बांध उभा ऱ्हातो का न्हाई?"

"ऱ्हातो अव्वा."

"मग पर्याय न्हाई कामून सांगून राहिलास?"

"पाणी निम्मं ऱ्हाईल. खाली बांधलं तर चैत्रापतूर पुरतं. वर बांधलं तर माघात तळ दिसतो. दोन महिने गावानं काय करावं?"

"ते गाव बघंल. तू काय गाव हाईस?"

सिंधु मॅडमनी मधे तोंड घातलं. त्यांनी जुने कागद चाळले, तर वरच्या वळणाचंही माप निघालं, आणि तिथं बांधलं तर समाधी कोरडी राहत होती; खडकाच्या जागेला मंजुरी त्या आजच घेऊ शकत होत्या, गावाचा ठराव असला तर. पण ग्रामसभा भरवायची नाही, हात वर करून मोजता येत नाहीत. मग त्यांनीच तोडगा काढला. प्रत्येक घरानं दारात घागर ठेवायची. बांध ठरल्या जागी, खाली व्हावा असं वाटत असेल तर उभी. वरच्या वळणाला व्हावा असं वाटत असेल तर पालथी. तासाभरात काकांनी गल्लीगल्लीनं मोजून घ्यायच्या.

"पालथी घागर दारात?" चार बाया एकदम बोलल्या. "अवलक्षण! मॅडमला सांगा कुणीतरी!" पण मॅडम हदगावच्या असल्या तरी तितकं त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि आता बोलून झालं होतं.

गुरुपादप्पानं दगडाखालचं टेपचं टोक काढलं, गुंडाळलं. जाताना समाधीच्या कललेल्या दगडाला त्यानं एक चीप लावली. दगड बसला.

गावात आला तेव्हा ऊन चढलं होतं. मे महिना, त्यात अधिक करून घागरी रिकाम्याच होत्या, म्हणून पालथ्या घालायला कुणाला जड गेलं नसावं असं तुम्हाला वाटेल. जड गेलं. गुरुपादप्पा वही घेऊन चालला तशी माणसं दारातून आत सरकत होती, म्हणजे त्याच्या तोंडाकडं बघायला नको. पालथी, पालथी, उभी. उभी. पालथी. एका दारात घागर आडवी पडलेली.

"ही काय धरायची?" त्यानं विचारलं.

"आमचं घरात ठरंना," आतून उत्तर आलं.

त्यानं आडव्यांचा वेगळा रकाना केला.

सिद्रामप्पाचं रान खालच्या बांधाला लागून. बांध वर गेला तर त्याच्या विहिरीला काही मिळत नव्हतं. त्याची घागर उभी होती आणि तो तिच्याशेजारी उभा. "गुरपादआप्पा, वाईट वाटून घेऊ नगा. शांतम्मावयनी देवमाणूस. पण माझी मोसंबी..."

"हाव," गुरुपादप्पा म्हणाला आणि लिहिलं, उभी.

तो दोन घरं पुढं गेला तोवर मागून महानंदा बाहेर आली, नवऱ्याच्या देखत तिनं घागर पालथी घातली आणि वर एक धोंडा ठेवला. "लिहा आप्पा. घागर मी भरते, हे न्हाई भरत."

"अगं मोसंबी!"

"वाळली तर काडी करू. पंचवीस वर्षं बाई माझ्याबरोबर पाण्याला आली, तुम्ही एक दिवस तरी आलात का?"

गुरुपादप्पानं उभी खोडली आणि पालथी लिहिलं. खोडण्यात तो पहिल्यापासून तयार होता.

शेवटची गल्ली संपवून तो आपल्या ओट्यावर बसला आणि मॅडमना आकडे सांगितले. "पालथ्या चौसष्ट. उभ्या पंचेचाळीस. आडव्या आठ."

फोनवर बेरीज चाललेली ऐकू आली. "काका, वर जाणार बांध. चौसष्ट म्हणजे निम्म्याच्या पुढं." त्यांनी पुन्हा बेरीज केली. "पण हे एकशे सतरा होतात. गावात घरं एकशे अठरा आहेत. एक राहिलं कुणाचं तरी."

गुरुपादप्पानं वही पाहिली, गल्ली पाहिली, पुन्हा वही पाहिली. समोरच्या ओट्यावरून रुद्राणी अव्वा म्हणाली, "तुझंच हाय ते."

"बिगर त्याच्या चालतं," तो म्हणाला. "निकाल लागलाय."

"कॉलम रिकामा ठेवता येत नाही काका," मॅडम म्हणाल्या. "मी थांबते फोनवर."

तो आत गेला. घागर जिथं शांतम्मानं ठेवली होती तिथंच होती, चुलीच्या डाव्या अंगाला. पन्नास दिवस तो माठातलं पाणी प्याला. अव्वा माठ भरून ठेवायची. तांब्याच्या घागरीला त्यानं हात लावला नव्हता, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. झाकण काढलं. पाणी अर्ध्यावर आलं होतं, वर धुळीचा पातळ पापुद्रा. त्या दिवशी सकाळी भरलेलं पाणी.

घागर त्यानं दारात आणली आणि ठेवली. उभीच राहिली, भरलेली घागर दुसरी कशी राहणार? समोरून अव्वा बघत होती. शेजारी सिद्रामप्पा आणि महानंदा बघत होते. फोन ओट्यावर चालू होता.

तशीच राहू दिली तर उभी लिहावं लागणार होतं. एका घरानं निकाल फिरत नव्हता. पण कागदावर असं राहिलं असतं, की सगळ्या गावानं तिला कोरड्यात ठेवायला दोन महिन्यांचं पाणी सोडलं, आणि तिच्या घरानं तिला पाण्यात घाला म्हणून सांगितलं. आणि पालथी करायची म्हणजे तिनं आणलेलं शेवटचं पाणी ओतायचं.

तो घागरीशेजारी बसला. कुणी घाई केली नाही. मॅडमच्या खोलीतला पंखा फोनातून ऐकू येत होता.

मग त्यानं अव्वाची शेळी बांधलेल्या खुंटाजवळची कढई ओढली आणि घागर कलती केली. पाणी गुळगुळ करत गेलं. शेळीनं तोंड घातलं, दोन घोट घेतले, मान उडवली, परत घातलं. शेवटचं चूळभर त्यानं ओंजळीत घेतलं, आणि काय करावं ते न सुचून तोंडावर मारलं. पाणी गार होतं. एवढ्या उन्हात इतकं गार पाणी त्याच्या तोंडाला लागलं आणि त्याचा श्वास घशातच अडला, ठसक्यासारखा. या खेपेला कुणी दार लावलं नाही.

त्यानं घागर पालथी घातली. बुडाशी हात ठेवून बसून राहिला.

"काका? काय लिहू?"

"पालथी," तो म्हणाला, पण आवाज फुटला नाही.

"ऐकू आलं नाही, काका."

गुरुपादप्पानं ओल्या बाहीनं तोंड पुसलं, फोन उचलला आणि घसा खाकरून इतक्या मोठ्यानं सांगितलं, की भोंगा बंद असूनही देवळातल्या शिवमूर्तीनं मान बाहेर काढली.

"पालथी! गुरुपादप्पाचं घर. पालथी!"